पत्ता बदलला की पगार बदलतो: अमेरिकेतल्या बहुराज्य पेरोल सेवांची पारख

कंपनी न्यू जर्सीत. हिशेब सांभाळणारी बाई पेनसिल्व्हेनियात घरून काम करते, डिझायनर कॅलिफोर्नियात, नवा प्रोग्रॅमर वॉशिंग्टन राज्यात. दहा-बारा माणसांच्या कंपनीतही हे चित्र आता नेहमीचं आहे. अशा मालकाला पेरोल सेवा विकणारे सगळे एकच सांगतात: पन्नासही राज्यांत पगार करून देऊ. ते खोटं नाही. पण त्या आश्वासनात राज्याचा कर कापणं आणि भरणं एवढंच येतं. रजा, खर्चाची भरपाई, ओव्हरटाइम, नोकरी सुटल्यावरचा शेवटचा पगार, अपघात विमा यांतलं बरंचसं मालकाकडेच राहतं. चुकीची किंमतही बहुतेक वेळा याच भागात मोजावी लागते.

म्हणून इथे दर आणि ॲपची मांडणी दुय्यम धरली आहे. कर्मचारी प्रत्यक्ष कुठे बसून काम करतो, तो पत्ता सेवा कशी नोंदवते? तो बदलल्यावर काय आपोआप बदलतं आणि काय निमूटपणे जुनंच राहतं? आमची मुख्य कसोटी हीच. दर आणि मर्यादा दिल्या आहेत त्या जिथे वेगळं सांगितलेलं नाही तिथे २०२५ च्या.

बाजारात तीन तऱ्हा आहेत. पहिली, स्वतः चालवायची सॉफ्टवेअर: गस्टो, क्विकबुक्स पेरोल, ऑनपे, एडीपीचं रन वगैरे. दुसरी, पीईओ, म्हणजे सहमालक होऊन कर्मचाऱ्यांना स्वतःच्या ईआयएनखाली (मालकाच्या केंद्रीय कर क्रमांकाखाली) घेणाऱ्या संस्था, उदाहरणार्थ एडीपी टोटलसोर्स किंवा जस्टवर्क्स. तिसरी, आपला सीपीए (सनदी लेखापाल) किंवा बुककीपर, जो यांपैकीच एखादं सॉफ्टवेअर आपल्यासाठी चालवतो. दोनतीन राज्यं आणि पंधराच्या आत माणसं असतील तर पहिली तऱ्हा पुरते, मात्र खाली दिलेल्या जागा मालकाने हाताने सांभाळायला हव्यात. राज्यं पाच-सहाच्या पुढे गेली आणि कंपनीत एचआर बघणारं कोणी नसेल, तर पीईओचे जास्तीचे पैसे वसूल होतात. तिसरी तऱ्हा सर्वस्वी त्या माणसावर अवलंबून असते. त्याने याआधी कॅलिफोर्नियाचा शेवटचा पगार काढला आहे का, हे आधी विचारावं.

दराबद्दल एवढंच सांगायचं आहे की जाहिरातीतला आकडा एका राज्याचा असू शकतो. गस्टोच्या सर्वांत स्वस्त योजनेत एकाच राज्याचा पगार होतो. दुसऱ्या राज्यात पहिला माणूस घेतला की वरच्या योजनेत जावं लागतं, आणि ती वाढ सगळ्याच कर्मचाऱ्यांवर माणशी बसते. क्विकबुक्सच्या खालच्या योजनांत प्रत्येक वाढीव राज्याचे दरमहा पैसे पडतात. ऑनपे राज्यांचे वेगळे पैसे घेत नाही. आठ माणसं चार राज्यांत विखुरलेली असतील, तर वर्षाचा एकूण हिशेब मांडल्याशिवाय तुलना होत नाही.

नोंदणी: पहिली ठेच इथेच

नव्या राज्यात पहिला पगार काढण्याआधी साधारण दोन खाती लागतात: महसूल खात्याकडे करकपातीचं आणि श्रम खात्याकडे बेरोजगारी विम्याचं. कॅलिफोर्नियात ही दोन्ही कामं ईडीडीकडे (राज्याच्या रोजगार विकास खात्याकडे) एकाच खात्यावर होतात. टेक्सास, फ्लोरिडा, वॉशिंग्टन इथे पगारावर राज्याचा आयकर नाही, पण बेरोजगारी विम्याचं खातं लागतंच. ‘आयकर नाही म्हणजे नोंदणी नाही’ असं समजून बसलेले मालक पुष्कळ आहेत.

बऱ्याच सेवा पैसे घेऊन ही नोंदणी करून देतात. ती सोय घेण्याजोगी आहे. मात्र खाते क्रमांक येईपर्यंत सॉफ्टवेअर पगारातून कर कापून ठेवतं आणि राज्याकडे विवरणपत्र पाठवू शकत नाही. कर्मचाऱ्याच्या पे-स्टबवर (पगाराच्या पावतीवर) कपात दिसते आणि राज्याच्या दप्तरी काहीच नसतं. चांगली सेवा पगार चालवण्याच्या पानावरच ठळक इशारा देते. कच्ची सेवा कोपऱ्यातल्या सूचनांच्या यादीत एक ओळ टाकून मोकळी होते. डेमो बघताना मुद्दाम खाते क्रमांकाची चौकट रिकामी ठेवून पगार चालवायला सांगा आणि पडद्यावर काय येतं ते बघा. क्रमांक मिळाल्यावर राज्याच्या संकेतस्थळावर जाऊन सेवेला अधिकारपत्रही द्यावं लागतं. ते राहिलं तर क्रमांक असूनही विवरणपत्र परत येऊ शकतं.

दुसरी ठेच वर्षअखेरीची. बेरोजगारी विम्याचा आपला दर राज्य दरवर्षी ठरवतं आणि तसं पत्र मालकाच्या पत्त्यावर येतं, सेवेच्या नव्हे. तो आकडा सॉफ्टवेअरमध्ये भरणं मालकाचं काम. भरला नाही तर मागच्या वर्षीच्या दराने चार तिमाह्या जातात, आणि मग फरक व व्याजासकट वसुलीचं पत्र येतं. डिसेंबर ते मार्च या काळात (न्यू जर्सीत जुलैच्या सुमारास) येणारं राज्याचं प्रत्येक पाकीट उघडणं, एवढाच यावर उपाय.

राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे (कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या कार्यालयाकडे) परराज्यातली कंपनी म्हणून करायची नोंदणी पेरोल सेवेच्या कामात सहसा धरलेली नसते. राज्यात एक कर्मचारी बसला की कंपनीवर तिथल्या कॉर्पोरेट कराचाही प्रश्न उभा राहू शकतो. तो पेरोलवाल्याला नाही, सीपीएला विचारायचा.

पेनसिल्व्हेनिया: पोस्टाचं गाव आणि कराचं गाव

पेनसिल्व्हेनियाचा राज्य आयकर सरळ आहे, सगळ्यांना ३.०७ टक्के. बेरोजगारी विम्यात कर्मचाऱ्याचाही छोटा वाटा असतो, एकूण पगाराच्या ०.०७ टक्के. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियात परस्पर करार असल्यामुळे मजुरीवरचा कर राहत्या राज्यातच जातो. इथवर जवळपास सगळ्या सेवा बिनचूक चालतात.

गडबड होते ती स्थानिक उत्पन्न करात. हा कर नगरपालिका आणि शाळा जिल्ह्याप्रमाणे बदलतो आणि त्यासाठी सहा आकडी पीएसडी कोड लागतो. पोस्टाच्या पत्त्यात लिहिलेलं गाव आणि माणूस खरोखर ज्या टाउनशिपमध्ये राहतो ती, या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात. जी सेवा झिप कोडवरून कोड ठरवते ती चुकते. जी पूर्ण पत्ता नकाशावर ताडून बघते ती बहुधा बरोबर येते. राज्याच्या सामुदायिक व आर्थिक विकास खात्याच्या संकेतस्थळावर पत्ता टाकून कोड मिळतो. तो काढून सॉफ्टवेअरशी जुळवून पाहायला पाच मिनिटं लागतात. शिवाय स्थानिक सेवा कर असतो, वर्षाला जास्तीत जास्त ५२ डॉलर. तो पगारांच्या संख्येने भागून कापायचा, म्हणजे आठवड्याच्या पगारावर १ डॉलर. सगळे ५२ डॉलर पहिल्याच पगारातून कापले जात असतील तर मांडणी चुकली आहे.

कंपनीचं स्वतःचं कार्यालय पेनसिल्व्हेनियात नसेल, तर स्थानिक कर कापायचा की नाही हे त्या भागाच्या कर संग्राहकाला विचारून उत्तर लेखी ठेवावं. कापला नाही तर कर्मचाऱ्याला तो स्वतः दर तिमाहीला भरावा लागतो. हे त्याला पहिल्याच आठवड्यात सांगायला हवं, एप्रिलमध्ये विवरणपत्र भरताना नव्हे.

न्यूयॉर्क: कर एका राज्याचा, विमा दुसऱ्याचा

सॉफ्टवेअरची खरी ताकद इथे कळते. कर्मचाऱ्याची नेमणूक न्यूयॉर्कच्या कार्यालयात आणि तो स्वतःच्या सोयीने न्यू जर्सीतल्या घरून काम करतो, असं असेल तर न्यूयॉर्क ते दिवस न्यूयॉर्कमध्येच काम केल्यासारखे धरतं आणि कर मागतं. घरून काम करणं ही कंपनीची खरीखुरी गरज असेल तरच सूट, आणि ती सिद्ध करण्याच्या अटी कडक आहेत. डेलावेअर आणि पेनसिल्व्हेनियातही या जातीचा नियम आहे.

बेरोजगारी विम्याला हा नियम लागू नाही. तिथे राज्य ठरवण्याच्या चार पायऱ्या असतात: काम मुख्यतः कुठे होतं, ते एका राज्यात बसत नसेल तर कामाचा तळ कुठे, तेही नसेल तर सूत्रं कुठून हलतात, शेवटी राहतं घर. पूर्ण वेळ घरून काम करणाऱ्याचा निकाल पहिल्याच पायरीवर लागतो. न्यूयॉर्कच्या कोर्ट ऑफ अपील्सने २००३ मध्ये फ्लोरिडातल्या घरून न्यूयॉर्कच्या कंपनीचं काम करणाऱ्या व्यक्तीबाबत हेच ठरवलं: ती प्रत्यक्ष जिथे बसून काम करत होती, ते राज्य.

म्हणजे वरच्या उदाहरणात आयकर न्यूयॉर्कचा कापायचा आणि बेरोजगारी विमा, अपंगत्व विमा व कौटुंबिक रजेचा विमा न्यू जर्सीचा. ज्या सेवेत ‘कामाचं राज्य’ ही एकच चौकट आहे तिला हे जमत नाही. सगळं न्यूयॉर्कला जातं किंवा सगळं न्यू जर्सीला. कर्मचारी आजारी पडून न्यू जर्सीकडे भत्ता मागतो तेव्हा तिथे त्याची मजुरीच नोंदलेली नसते. करातली चूक नंतर दुरुस्त होते, पण त्या महिन्यांत घर चालवायचं असतं. म्हणून करकपात आणि विमा यांची राज्यं वेगवेगळी ठेवता येतात का, हा डेमोमधला आमचा पहिला प्रश्न असतो. ‘सपोर्टला कळवा, ते मागून बदलतील’ असं उत्तर आलं तर ते चालेल, पण पुढचे दोन पगार स्वतः तपासा.

कॅलिफोर्निया: सॉफ्टवेअरच्या बाहेरचं सगळं

कराची बाजू इथे फार अवघड नाही. अपंगत्व विमा १.२ टक्के, आणि जानेवारी २०२४ पासून त्याला पगाराची वरची मर्यादा उरलेली नाही. बेरोजगारी विमा वर्षाच्या पहिल्या ७,००० डॉलरवर. कॅलिफोर्नियाने बेरोजगारी भत्त्यांसाठी केंद्राकडून घेतलेलं कर्ज फिटलेलं नसल्यामुळे तिथल्या मालकांना केंद्रीय बेरोजगारी कर जास्त पडतो. २०२४ साठी ०.६ ऐवजी १.५ टक्के, म्हणजे माणशी ४२ च्या जागी १०५ डॉलर. या कराचं वार्षिक विवरणपत्र, फॉर्म ९४०, भरताना हा फरक एकदम निघतो. सेवा आधी कळवते का ते विचारा, नाही तर जानेवारीत खात्यातून गेलेली रक्कम कोड्यात टाकते.

खरी गोष्ट पुढे आहे. इथे ओव्हरटाइम आठवड्याच्या ४० तासांवर थांबत नाही. दिवसाला ८ तासांच्या पुढे दीडपट, १२ च्या पुढे दुप्पट. पाचवा तास संपायच्या आत ३० मिनिटांची जेवणाची सुट्टी मिळाली नाही, तर त्या दिवसाचा एक तासाचा पगार वर द्यावा लागतो. घरून काम करणाऱ्यालाही हे लागू आहे. त्यामुळे टाइमशीटमध्ये सुट्टी सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ नोंदता यायला हवी. नुसते ‘आजचे तास ८’ पुरत नाहीत. ‘पगारी आहे (तासांवर नाही, ठरावीक पगारावर), त्याला ओव्हरटाइम नाही’ असं म्हणायचं तर कामाचं स्वरूप तर बसायला हवंच, शिवाय वर्षाचा पगार किमान ६८,६४० डॉलर हवा. न्यू जर्सीतून ६०,००० वर नेमलेला माणूस कॅलिफोर्नियात राहायला गेला तर त्या दिवसापासून त्याचे तास मोजावे लागतील. हा इशारा सॉफ्टवेअरने स्वतःहून द्यायला हवा. देतं का ते विचारून घ्या.

खर्चाची भरपाई: कामासाठी लागलेला आवश्यक खर्च मालकाने द्यायचा असं कॅलिफोर्नियाच्या लेबर कोडचं कलम २८०२ सांगतं. २०१४ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने हेही स्पष्ट केलं की स्वतःचा मोबाइल कामासाठी वापरावाच लागत असेल तर बिलाचा वाजवी हिस्सा द्यावा लागतो, मग त्याचा प्लॅन अमर्याद असला तरी. इलिनॉयमध्येही २०१९ पासून असा कायदा आहे, आणि तिथे कर्मचाऱ्याला मागणी करायला ३० दिवस मिळतात. पगार चालवताना ही रक्कम ‘रीइम्बर्समेंट’ या प्रकारात टाका, ‘बोनस’मध्ये नव्हे. बोनसमध्ये टाकली की तिच्यावर कर कापला जातो आणि कर्मचाऱ्याला खर्चाएवढे पैसे पोचतच नाहीत. उलट, पावत्या न मागता सगळ्यांना दरमहा सरसकट रक्कम देत असाल तर ती बहुधा करपात्र पगारच ठरते. कोणत्या कामाचा किती हिस्सा, हे लिहिलेलं अर्ध्या पानाचं धोरण आणि बिलाची प्रत जोडायची सोय, एवढ्यावर काम भागतं.

आणि शेवटचा पगार. कामावरून काढलं तर त्याच दिवशी, साठलेल्या व्हेकेशनसकट. राजीनामा ७२ तास आधी दिला असेल तर शेवटच्या दिवशी. उशीर झाला तर दर दिवसाला एक दिवसाचा पगार, ३० दिवसांपर्यंत. आता सॉफ्टवेअरकडे बघा: डायरेक्ट डिपॉझिट खात्यात पडायला बहुधा दोन ते चार कामाचे दिवस लागतात. रोजचा पगार २४० डॉलर असेल आणि पैसे तीन दिवसांनी पडले तर ७२० डॉलर दंड उभा राहिला, तोही कोणाची वाईट नियत नसताना. म्हणून आकडा सॉफ्टवेअरमध्ये काढायचा, ‘मॅन्युअल चेक’ म्हणून नोंदायचा, आणि पैसे त्याच दिवशी पोचतील असा मार्ग आधीच ठरवून ठेवायचा. मॅन्युअल चेकची सोय कुठे दडली आहे, ती खालच्या योजनेत आहे की नाही, हे निकडीच्या दिवशी शोधू नये. ज्या सेवेत त्याच दिवशी पैसे पाठवता येतात तिला कॅलिफोर्नियात माणसं असलेल्या कंपनीने जास्त पैसे द्यायला हरकत नाही.

वॉशिंग्टन: आयकर नाही, पण कपाती आहेत

वॉशिंग्टनमध्ये कौटुंबिक व वैद्यकीय रजेचा हप्ता पगाराच्या ०.९२ टक्के, त्यातला ७१.५२ टक्के भाग कर्मचाऱ्याचा. शिवाय दीर्घकालीन शुश्रूषेसाठी डब्ल्यूए केअर्सचे ०.५८ टक्के, सगळे कर्मचाऱ्याचे. महिना ८,००० डॉलर पगारावर हे ५२.६४ आणि ४६.४० डॉलर होतात. पे-स्टबवर आकडे जवळपास इतके नसतील तर काहीतरी चुकलं आहे. मालकाचा वाटा ५० पेक्षा कमी माणसांच्या कंपनीला माफ आहे, आणि ही माणसं वॉशिंग्टनमधलीच मोजायची. कोलोरॅडोत उलटं आहे: रजेच्या विम्यात निम्मा वाटा भरण्यासाठी १० माणसांची मर्यादा देशभरातली माणसं धरून मोजतात. म्हणजे न्यू जर्सीत अकरा आणि कोलोरॅडोत एक असली तरी निम्मा हप्ता कंपनीचा. सेटिंगमध्ये ‘कंपनीचा आकार’ एकदाच विचारणारं सॉफ्टवेअर या दोघांपैकी एका राज्यात चुकणार.

वॉशिंग्टनचा दुसरा सापळा अपघात विम्याचा. वॉशिंग्टन, ओहायो, नॉर्थ डकोटा आणि वायोमिंग या चार राज्यांत वर्कर्स कॉम्प राज्याच्याच निधीतून घ्यावा लागतो. न्यू जर्सीतल्या खाजगी पॉलिसीत वॉशिंग्टनचं नाव घालून मिळत नाही. तिथे हप्ता पगारावर नाही, तासांवर असतो, त्यामुळे पगारी कर्मचाऱ्याचेही तास दर तिमाहीला कळवावे लागतात. पेरोल सेवा हे विवरण भरते की फक्त अहवाल काढून देते, हे करारात शोधा. भरत नसेल तर एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, जानेवारीची तारीख स्वतः लिहून ठेवा.

रजा: एकच धोरण सगळ्यांना पुरत नाही

रजेचं गणित हा स्वस्त सेवांचा सर्वांत दुबळा भाग आहे. त्यांत रजेचं धोरण कंपनीला एक असतं, राज्याप्रमाणे नाही. कॅलिफोर्नियात ३० तासांच्या कामाला १ तास आजारपणाची रजा, वर्षाला निदान ४० तास किंवा ५ दिवस वापरता आली पाहिजे, आणि शिल्लक दर पगारासोबत लेखी कळवायची. कोलोरॅडोत ३० तासांना १ तास, वर्षाला ४८ तासांपर्यंत. वॉशिंग्टनमध्ये ओव्हरटाइम लागू असणाऱ्यांना ४० तासांना १ तास, पण वर्षात साठण्यावर वरची मर्यादाच नाही. फक्त पुढच्या वर्षात ४० तास नेता येतात.

आता कोणी हुशारीने सगळ्यांना लागू होईल असं ‘३० तासांना १, कमाल ४८’ हे एकच धोरण केलं तर? पूर्ण वेळ काम करणाऱ्याचे वर्षाला २,०८० तास होतात, वॉशिंग्टनच्या दराने ५२ तास रजा. ४८ ला थांबणारं सॉफ्टवेअर तिथे चार तास कमी देतं. राज्यागणिक वेगळं धोरण लावता येणं ही आमच्या मते दोन किंवा जास्त राज्यांच्या कंपनीसाठी आवश्यक सोय आहे. ती नसेल तर बाकी सगळं छान असूनही ती सेवा घेऊ नये.

व्हेकेशनचंही तसंच. ‘डिसेंबरपर्यंत वापरा, नाही तर गेली’ हा नियम कॅलिफोर्निया आणि कोलोरॅडोत चालत नाही. साठलेली सुट्टी ही कमावलेली मजुरी आहे, नोकरी सुटताना तिचे पैसे द्यावेच लागतात. साठवणुकीला कमाल मर्यादा कॅलिफोर्निया चालवून घेतं, पण साठलेली पुसून टाकणं नाही. काही सॉफ्टवेअरमध्ये ३१ डिसेंबरला शिल्लक शून्य करण्याची खूण मुळातच केलेली असते. ती शोधून काढा.

केंद्राच्या एफएमएलए रजेबद्दल (कुटुंबासाठी किंवा आजारपणासाठी मिळणारी बिनपगारी रजा) दूरस्थ कर्मचाऱ्यांना हमखास चुकीचं उत्तर मिळतं: ‘तुमच्या ७५ मैलांत आपली ५० माणसं नाहीत, म्हणून तुम्हाला लागू नाही.’ घर हे या कायद्यापुरतं कामाचं ठिकाण धरत नाहीत. ज्या कार्यालयाला तो कर्मचारी कामाचा हिशेब देतो ते त्याचं ठिकाण, आणि ५० माणसं मोजायची ती त्या कार्यालयाभोवती. श्रम खात्याने फेब्रुवारी २०२३ मध्ये हे पुन्हा लेखी स्पष्ट केलं. बारा महिन्यांची नोकरी आणि १,२५० तासांची अट मात्र आहेच. राज्याच्या रजा-विम्याचा अर्ज सहसा कर्मचारी थेट राज्याकडे करतो. कंपनीचं काम त्याला योग्य राज्याचं नाव सांगणं आणि राज्याच्या चौकशीला वेळेत उत्तर देणं. पीईओची माणसं या कामात खरोखर उपयोगी पडतात. सॉफ्टवेअरच्या चॅटवर या प्रश्नाला बहुधा मदतीच्या एखाद्या लेखाचा दुवा मिळतो.

वर्षाच्या मध्ये घर बदललं तर

ही परीक्षा सगळ्यांना द्यायला लावा. माणूस १ जुलैला ओरेगॉनहून वॉशिंग्टनला गेला, तोवर ५०,००० डॉलर मिळाले होते. वॉशिंग्टनच्या बेरोजगारी विम्याची मर्यादा ७२,८०० डॉलर. त्याच मालकाने दुसऱ्या राज्यात दिलेला पगार त्यात मोजता येतो, म्हणून उरलेल्या २२,८०० वरच विमा भरायचा. कच्चं सॉफ्टवेअर मोजणी शून्यापासून सुरू करतं आणि मालक जास्त भरतो. पत्ता बदलताना ‘कोणत्या तारखेपासून’ अशी चौकट नसेल, तर जुना पत्ता पुसला जातो आणि डब्ल्यू-२ वर (वर्षाच्या पगाराच्या आणि कपातींच्या पत्रकावर) वर्षभराचा पगार नव्या राज्यात दिसण्याचा धोका असतो. न्यूयॉर्कचं एक वेगळंच आहे: न्यूयॉर्कच्या डब्ल्यू-२ मध्ये राज्याच्या पगाराच्या रकान्यात पहिल्या रकान्यातला पूर्ण केंद्रीय आकडाच येतो, वर्षाचे काही महिनेच तिथे काम केलं असलं तरी. तो बघून घाबरून दुरुस्ती मागू नये. हिशेब कर्मचाऱ्याच्या राज्य विवरणपत्रात होतो.

कर्मचाऱ्यांसाठी

वरचं सगळं मालकाच्या बाजूने लिहिलं असलं तरी पे-स्टब कर्मचाऱ्याच्याच हातात असतो. पहिल्या पगाराला तीन गोष्टी बघा: करकपातीचं राज्य, विम्याच्या कपातींचं राज्य, आजारपणाच्या रजेची शिल्लक. घर बदलायच्या आधी कंपनीला लेखी कळवा. न कळवता दुसऱ्या राज्यातून सहा महिने काम केलं तर दुरुस्तीचा त्रास दोघांनाही होतो. नेमणूकपत्रात ‘अमुक राज्याचा कायदा लागू’ असं वाक्य असलं तरी किमान वेतन, ओव्हरटाइम, आजारपणाची रजा हे हक्क साधारणपणे काम जिथे होतं तिथलेच राहतात. कॅलिफोर्नियात तर कलम ९२५ प्रमाणे असं वाक्य कर्मचाऱ्याला रद्द ठरवून घेता येतं. करार करताना त्याच्या बाजूने स्वतःचा वकील असेल तर मात्र नाही.

नव्या नेमणुकीत आय-९ ची (काम करण्याची परवानगी तपासण्याच्या केंद्रीय फॉर्मची) कागदपत्रं व्हिडिओवर तपासायची मुभा १ ऑगस्ट २०२३ पासून आहे, पण ई-व्हेरिफायमध्ये (तीच परवानगी ऑनलाइन पडताळणाऱ्या केंद्राच्या व्यवस्थेत) नाव नोंदवलेल्या मालकांनाच. सेवेच्या जाहिरातीत ‘रिमोट आय-९’ लिहिलेलं असलं तरी कंपनी ई-व्हेरिफायमध्ये नसेल, तर कर्मचाऱ्याजवळच्या कोणाला तरी प्रतिनिधी नेमून कागद समोर तपासावे लागतात.

पैसे कोणाच्या हातात आहेत

पेरोल सेवा आपल्या खात्यातून पगार आणि कर आधी उचलते, मग पुढे पाठवते. मधले दिवस पैसा तिच्याकडे असतो. सप्टेंबर २०१९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातली मायपेरोलएचआर ही कंपनी अचानक बंद पडली तेव्हा कर्मचाऱ्यांच्या खात्यात पडलेले पगार उलटे खेचले गेले. आणि साध्या पेरोल सेवेने कर भरला नाही तरी आयआरएसच्या (केंद्रीय कर खात्याच्या) लेखी जबाबदारी मालकाचीच राहते. आयआरएसने प्रमाणित केलेल्या पीईओच्या बाबतीत मात्र तिने दिलेल्या पगारावरच्या केंद्रीय पेरोल कराची जबाबदारी तिच्यावर जाते. शिवाय वर्षाच्या मध्ये तिच्याकडे गेलं तर सोशल सिक्युरिटी आणि केंद्रीय बेरोजगारी कराच्या मर्यादा पुन्हा शून्यापासून सुरू होत नाहीत. प्रमाणपत्र नसलेल्या पीईओकडे जुलैत जाणं म्हणूनच महाग पडतं. ती संस्था यादीत आहे का, हे आयआरएसच्या संकेतस्थळावर बघता येतं.

सॉफ्टवेअर वापरत असाल तर आपल्या ईआयएनने ईएफटीपीएसवर (केंद्रीय कर भरण्याच्या ऑनलाइन व्यवस्थेवर) नाव नोंदवा आणि दर तिमाहीला भरणा पोचल्याचं स्वतः पाहा. ‘बिनचूकपणाची हमी’ म्हणून जे लिहिलेलं असतं ते वाचताना एक वाक्य शोधा: मालकाने चुकीचा पत्ता, दर किंवा खाते क्रमांक दिला तर हमी लागू नाही. हे वाक्य बहुतेक करारांत सापडेल.

सेवा बदलायची असेल तर १ जानेवारी सर्वांत सोपा, नाही तर तिमाहीचा पहिला दिवस. जुनं खातं बंद करण्याआधी प्रत्येक कर्मचाऱ्याचे वर्षाच्या सुरुवातीपासूनचे आकडे राज्यवार उतरवून घ्या. रजेची शिल्लक, केंद्राच्या (फॉर्म ९४१) आणि प्रत्येक राज्याच्या तिमाही विवरणपत्रांच्या प्रती, पत्ते बदलल्याच्या तारखा हेही सोबत घ्या. नव्या सेवेत पहिला पगार चालवण्यापूर्वी एका कर्मचाऱ्याचा जुना पे-स्टब शेजारी ठेवून तेच आकडे नव्या पडद्यावर येतात का ते ओळीने जुळवा. सुरुवात कॅलिफोर्निया किंवा पेनसिल्व्हेनियाच्या माणसापासून करा.